'आणि', 'किंवा' आणि एक पान

पीडीएफ म्हणजे छापील पान, असंच आपण धरून चालतो. वाचायचं, छापायचं, संपलं. पण या पानाचा इतिहास पाहिला की मौज वाटते आणि थोडी धास्तीही.

१९८४ साली अ‍ॅडोबी कंपनीनं पोस्टस्क्रिप्ट आणली. पान कसं काढायचं हे प्रिंटरला सांगणारी ती भाषा, पण होती पुरी प्रोग्रामिंगची. तिच्यातून वाटेल ते गणित करून घेता येई. १९९३ साली पीडीएफ आली, तेव्हा पान रेखाटण्याच्या भाषेतून ही ताकद मुद्दाम काढून टाकली. अटी नाहीत, पुनरावृत्ती नाही. फक्त अक्षरं आणि चित्रं.

पुढे २००१ मध्ये स्कॅन केलेली पानं कमी जागेत मावावीत म्हणून पीडीएफमध्ये जेबिग२ ही पद्धत आली. सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवायची आणि एका चित्रावर दुसरं बसवताना 'आणि', 'किंवा', 'दोहोंपैकी एकच' अशा क्रिया वापरायच्या. आम्ही शाळेत 'आणि', 'किंवा' ही उभयान्वयी अव्ययं म्हणून शिकवली. क्लॉड शॅननने मात्र १९३७ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं होतं, की एवढ्या तर्कावर विजेच्या स्विचांकडून बेरीजही करून घेता येते!

२०२१ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनवर काही फायली सापडल्या. नाव गिफ चित्राचं, आत पीडीएफ. त्या डिसेंबरात गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने त्यांचा उलगडा केला. फाईल वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे चित्राला नेमून दिलेल्या जागेबाहेर, फोनच्या मेमरीत लिहिता येत होतं. त्या फटीतून जेबिग२ च्या ७०,००० हून अधिक आज्ञा रचून एक छोटा संगणकच उभा केला होता, ६४ बिटांची बेरीज करणारा. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर अशा वाटेनं फोनात शिरत होतं. अ‍ॅपलने ती चूक सप्टेंबर २०२१ मध्ये दुरुस्त केली.

पुढच्या दारानं घालवलेलं गणित असं मागच्या खिडकीतून परत आलं. यात एकेक क्रिया पाहिली तर अगदी निरुपद्रवी. 'अनोळखी फाईल उघडू नका' असं आपण एकमेकांना बजावतो. इथे त्या कार्यकर्त्याला काही उघडावंच लागलं नव्हतं. चित्र दाखवायच्या तयारीत फोननेच ते वाचलं होतं. मग सावध राहायचं ते कोणी?

असो.