होळीची विकत पंगत

फाल्गुनी पौर्णिमेचा सुमार आला कीं लंडनमधील कित्येक भारतीय उपाहारगृहांतून होळीनिमित्त खास जेवण मांडण्यांत येतें. दर माणशी ठरलेला. ताटांत गुजिया, दहीवडे, थंडाई अशी उत्तरेकडची सामग्री. रंग उधळावयाचा तर मेजावरची पांढरी चादर आड येते, म्हणून तो बहुधा ताटांतच पाहावयाचा! होळी हा मुळांत चव्हाट्यावरचा सण. तो मेजाखुर्चीवर कसा जाऊन बसला हें शोधूं लागलों, तेव्हां आम्हांस दोनशें वर्षें मागें जावें लागलें.

१८१० सालीं लंडनांत पोर्टमन चौकाजवळ दीन महंमद या पाटण्याकडील गृहस्थानें ‘हिंदोस्तानी कॉफी हाऊस’ काढलें. हा कंपनीच्या बंगाल सैन्यांत वाढलेला. १७९४ सालीं आयर्लंडांत आपलें प्रवासवर्णन त्यानें इंग्रजींत छापविलें होतें. त्याच्या घरांत कॉफीपेक्षां हुक्का व मसालेदार पदार्थ यांचाच थाट अधिक. २७ मार्च १८११ च्या ‘टाइम्स’मध्यें त्यानें जाहिरातही दिली. गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानांतून परतलेले साहेबलोक. पण त्यांतील पुष्कळांच्या पदरीं असें अन्न रांधणारे आचारी घरींच होते. १८१२ सालीं बिचाऱ्याचें दिवाळें वाजलें.

आतां योगायोग पाहा. १८०९ सालीं टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणींत होता. तेथें साहेबमंडळी महाराजांकडे होळी खेळावयास गेली. खुद्द महाराजांनीं रंगास आरंभ केला, बंबाच्या नळीनें पिवळ्या पाण्याचा मारा केला, अबिराची तर वृष्टि झाली. ब्रॉटनचीं हीं पत्रें १८१३ सालीं लंडनांत छापलीं, तोंवर दीन महंमदाचा धंदा बुडालेला होता. म्हणजे त्या काळच्या साहेबांस होळी ठाऊक नव्हती असें नाहीं. त्यांनीं हुक्का नेला, मसाले नेले. सण मात्र येथेंच ठेविला. सणाला माणसें लागतात, आणि तीं तेथें नव्हतीं.

पुढें १९२६ सालीं एडवर्ड पामर यांनीं रीजंट रस्त्यावर ‘वीरस्वामी’ काढलें. पुण्यास एके काळीं रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचे व त्याच्या मोगल बेगमेचे हे वंशज, ही गोष्ट पुणेकर वाचकांस गमतीची वाटेल. पण तेंही साहेबी दिमाखाचें स्थळ. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें. आपल्या सणांना तेथें तो मोठाच आधार झाला. उपाहारगृहांत होळी शिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर हिंदी कुटुंबें विलायतेंत मोठ्या संख्येनें स्थायिक झाल्यावर. फाल्गुनांत तेथें कडाक्याची थंडी, सुटी नाहीं, रस्त्यांत होळी पेटविण्याची सोय नाहीं. उरतें काय? संध्याकाळचें जेवण.

आमची तक्रार विचाराल तर पुरणपोळीबद्दलची आहे. या ताटांत ती क्वचितच दिसते. पुरण शिजवावें, वाटावें आणि पोळी तव्यावरून थेट पानांत पडावी, हें हॉटेलवाल्यास परवडत नाहीं. परंतु ती पोळी आमच्या घरीं परवडत होती ती कोणाच्या जिवावर? सकाळपासून सोंवळ्यांत चुलीशीं बसलेली गृहिणी साऱ्या पंगती उठल्यावर, निवलेल्या पोळीचा उरलासुरला तुकडा घेऊन, तिसऱ्या प्रहरीं पानावर बसे. शिवाय त्या पंगतींत कोणी कोणाशेजारीं बसावें हें जातच ठरवी. विकतच्या पंगतींत सुनेचें पान सासऱ्याच्या पानाबरोबर मांडलें जातें, आणि शेजारच्या मेजावर कोण बसला आहे हें विचारण्याची सोय नसते. पैसे मोजून मिळालेली ही मोकळीक आम्हांस तुच्छ वाटत नाहीं.

मात्र पडद्याआड एकदां डोकवावें. विलायतेंतील या ‘भारतीय’ उपाहारगृहांपैकीं बहुतेक सिल्हेटच्या मुसलमानांनीं उभारलेलीं आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकीं कित्येक बोटींवर खलाशी म्हणून आलेले. होळी त्यांची नव्हे, तरी गुजियाची कड तेच मुडपतात. गिऱ्हाईक पान खाऊन गेल्यावर, खुर्च्या उलट्या करून मेजांवर ठेविल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास ते आंतल्या बाजूस भाताचें ताट घेऊन जेवावयास बसतात.