भुकेपासून पैजेपर्यंत : कोरियन तिखट नूडल्सचा इतिहास

अलीकडच्या काही वर्षांत वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या बोलण्यात एक पदार्थ वारंवार येऊ लागला आहे : कोरियन तिखट नूडल्स. काळे पाकीट, त्यावर तोंडातून आग ओकणारी कोंबडी आणि आत लालभडक मसाला. डोळ्यांतून पाणी आले तरी पाणी न पिता पाकीट संपवायचे, अशी पैज लावून ते खाल्ले जाते. कोरियन गाणी आणि मालिका यांनी या पदार्थाची हवा केली हे खरे. परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. आज हा पदार्थ कोरियाची ओळख बनला आहे. प्रत्यक्षात त्यातला गहू अमेरिकेतून आला, यंत्र जपानमधून आले, मिरची अमेरिका खंडातून निघून अर्धे जग फिरून आली, आणि पहिले पाकीट तर तिखटही नव्हते. या गोष्टी एकत्र कशा आल्या, ते आपण पाहू या.

खरकट्याची लापशी

१९५० ते १९५३ या काळातील युद्धाने कोरिया उद्ध्वस्त झाला. त्यानंतर कित्येक वर्षे दक्षिण कोरियात अन्नाची टंचाई होती. राजधानी सोलमधील नामदेमुन बाजारात अमेरिकन लष्करी छावण्यांमधून आलेले उष्टे-उरलेले अन्न एकत्र शिजवून विकले जाई. लोक त्याला 'डुकरांची लापशी' म्हणत. ५ वॉनला मिळणाऱ्या वाटीसाठी रांगा लागत. ही रांग चॉन जुंग-युन या उद्योजकाने पाहिली. १९६१ मध्ये त्यांनी 'समयांग' ही कंपनी काढली होती. स्वस्त, पोटभरीचे आणि स्वच्छ अन्न कसे देता येईल, या विचारात असताना त्यांना जपानमध्ये पाहिलेल्या झटपट नूडल्सची आठवण झाली.

या नूडल्सचा शोध मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळील इकेदा या गावी लावला होता. मात्र जपानकडून तंत्र घेणे सोपे नव्हते. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केले होते. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधही १९६५ पर्यंत प्रस्थापित झाले नव्हते. तरीही 'म्योजो' या जपानी कंपनीने समयांगला यंत्रे आणि कृती दिली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी पहिले कोरियन पाकीट बाजारात आले. वजन १०० ग्रॅम, किंमत १० वॉन, चव कोंबडीच्या सौम्य रश्शाची.

सुरुवातीला खप फारसा झाला नाही. 'म्योन' या कोरियन शब्दाचा अर्थ नूडल्स असाही होतो आणि सुती कापड असाही. त्यामुळे 'राम्योन' हा कापडाचा काही प्रकार असावा, असे काहींना वाटले! कंपनीच्या लोकांनी रस्त्यावर नूडल्स शिजवून फुकट वाटल्या, तेव्हा कुठे लोकांनी चव घेतली.

तीन मिनिटांचे रहस्य

नूडल्स इतक्या लवकर कशा शिजतात? खरे म्हणजे त्या कारखान्यातच शिजलेल्या असतात. पिठाच्या शेवया प्रथम वाफवतात. पाणी आणि उष्णता मिळाल्यावर पिठातील स्टार्चचे कण फुगतात व त्यांची घट्ट रचना मोडते. यालाच आपण 'शिजणे' म्हणतो. मग या शेवया सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात एक-दोन मिनिटे तळतात. आतील पाण्याची एकदम वाफ होते आणि ती बाहेर पडताना असंख्य बारीक छिद्रे ठेवून जाते. पाणी उरत नाही म्हणून जंतू वाढत नाहीत आणि पाकीट महिनोन् महिने टिकते. पुढे गरम पाणी या छिद्रांतून आत शिरते आणि नूडल्स मऊ होतात. आपले पोहे पाण्याचा हात लागताच मऊ होतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे, कारण तेही आधी भिजवून-भाजून केलेले असतात. या सोयीची किंमत म्हणजे नूडल्समध्ये मुरलेले तेल.

पी.एल. ४८० चा गहू

१९५४ मध्ये अमेरिकेने आपले जादा धान्य सवलतीने परदेशी देण्याचा कायदा केला. तोच पी.एल. ४८०. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना हे नाव चांगले आठवत असेल. १९५६ च्या करारानंतर भारतातही हा गहू आला आणि टंचाईच्या वर्षांत रेशनवर 'मिलो' ज्वारीही मिळू लागली. दक्षिण कोरियातही हाच गहू पोहोचला. परंतु तिथले रोजचे जेवण म्हणजे भात, आणि तांदूळ तर अपुरा. म्हणून सरकारने भाताऐवजी पिठाचे पदार्थ आणि मिश्रधान्य खाण्याची मोहीम उघडली. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळात खाणावळींना भाताचे पदार्थ विकण्यास मनाई झाली. शाळांतून शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात सातू वगैरे धान्य पुरेसे मिसळले आहे की नाही, हे तपासू लागले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले होते. त्याच्याशी याची तुलना करून पाहावी. एकीकडे आवाहन होते, दुसरीकडे तपासणी.

आपल्याकडे गव्हासाठी पोळी तयार होती. कोरियात भाताची सवय असलेल्या जिभेला गहू रोज रुचेल असा पदार्थ हवा होता, आणि ती जागा राम्योनने भरली. नव्या 'तोंगिल' भाताच्या वाणामुळे १९७७ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण तोपर्यंत एक पिढी राम्योन खात मोठी झाली होती. टंचाई गेली आणि सवय राहिली. २०२३ च्या आकडेवारीनुसार दक्षिण कोरियात दर माणशी वर्षाला सुमारे ७८ पाकिटे खाल्ली जात होती.

मिरचीची वाट

मिरचीचे मूळ अमेरिका खंडात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर ती गोव्यात उतरली आणि त्याच व्यापारी वाटेने जपानलाही गेली. १५९२ मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली. त्या सुमारास ती जपानमधून कोरियात आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यी सु-ग्वांग यांच्या १६१४ च्या 'जिबोंग युसोल' या ग्रंथात ती जपानकडून आल्याची नोंद आहे आणि लोक तिला 'जपानी मोहरी' म्हणतात असेही म्हटले आहे. म्हणजे कोकणातल्या कालवणातील आणि कोरियातल्या किमचीतील मिरची एकाच प्रवासात दोन ठिकाणी उतरलेली आहे.

कोरियन जिभेला सौम्य जपानी रस्सा फिका वाटला. म्हणून पुढे राम्योनच्या मसाल्यात मिरचीपूड आली. 'नोंगशिम' या कंपनीने १९८६ मध्ये 'शिन राम्योन' आणले. 'शिन' या चिनी अक्षराचा अर्थच तिखट. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या काळात हेच पाकीट कोरियन चवीची खूण बनले.

एका शब्दाची किंमत

नोव्हेंबर १९८९ मध्ये समयांगवर मोठे संकट आले. नूडल्स तळण्यासाठी 'औद्योगिक' प्रतीची गाईची चरबी वापरल्याचा आरोप सरकारी वकिलांनी काही कंपन्यांवर ठेवला. अमेरिकेत ही चरबी खाण्याच्या वर्गात मोडत नव्हती, एवढ्यावरून ती विषारी असल्याचा समज पसरला. कोरियात मात्र ती शुद्ध करून वापरली जात होती. आरोग्य खात्याने काही दिवसांतच ती निर्धोक असल्याचे सांगितले, पण तोवर दुकानांतील पाकिटे परत येऊ लागली होती. हजारावर कामगारांची नोकरी गेली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला निर्दोष ठरवले, तेव्हा बाजार हातचा गेला होता. पदार्थात काय आहे, किती आहे आणि त्याने काय होते, हे तीन प्रश्न विचारण्याआधीच एका शब्दाने निकाल दिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये समयांगने गाईच्या चरबीत तळलेल्या नूडल्स पुन्हा बाजारात आणल्या. त्यांना नाव दिले 'समयांग १९६३'.

वेदनेची गंमत

दोन्हींच्या मध्ये कंपनीला सावरले ते मिरचीने. संस्थापकांच्या स्नुषा किम जुंग-सू यांनी सोलमध्ये अतितिखट पदार्थ खाण्यासाठी तरुणांची झुंबड पाहिली आणि २०१२ मध्ये 'बुलडाक' आले. बुल म्हणजे आग, डाक म्हणजे कोंबडी. २०१४ नंतर ते खाण्याच्या पैजांची चलच्चित्रे जगभर पसरली. दक्षिण कोरियाची राम्योनची निर्यात २०२४ मध्ये १ अब्ज डॉलरच्या वर गेली.

तिखट ही जिभेची चव नव्हे, ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांवरील एका प्रथिनाला चिकटते. हेच प्रथिन सुमारे ४३ अंशांवरील उष्णतेची वर्दी मेंदूला देते. म्हणून भाजले नसतानाही भाजल्यासारखे वाटते. १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून पाण्याने आग शमत नाही. दुधाने शमते. धोका नाही हे ठाऊक असताना वेदना सोसण्यात माणसाला गंमत वाटते, असे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मांडले. पाळण्यात बसून किंचाळण्यासारखेच हे आहे.

मात्र मात्रेला महत्त्व आहेच. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने अतितिखट म्हणून या नूडल्सचे तीन प्रकार परत मागवले. फेरतपासणीनंतर महिनाभरात दोनांवरील बंदी उठली, सर्वांत तिखट प्रकारावरील उठली नाही. १९८९ मध्ये जो प्रश्न उशिरा विचारला गेला, तो इथे लवकर विचारला गेला : किती?

वर्गात हाच प्रश्न विचारता येईल. नूडल्सचा तुकडा आणि घरच्या शेवया कागदावर दाबून तेलाचा डाग पाहावा. दोन्ही गरम पाण्यात दोन मिनिटे ठेवून मधोमध कापावे आणि भिंगातून पाहावे. मग पाकिटावरचा सोडियमचा आकडा शोधावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. अनेक पाकिटांतील एकाच खुराकाने तिचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. पैज लावणाऱ्या विद्यार्थ्याला नुसते रागावण्यापेक्षा ही वजाबाकी त्यालाच करायला लावावी, असे आम्हाला वाटते. नामदेमुन बाजारातील रांगेची हकीगतही त्याला जरूर सांगावी.