एका बैठकीत संपणारा डाव

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाच्या हाती एका काल्पनिक पात्राचा कागद असतो. गेम मास्टर, म्हणजे या खेळाचा सूत्रधार, प्रसंग उभा करतो. आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि संशयाच्या जागी निवाडा फासे करतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि रोल-प्लेइंग गेमचा हा प्रकार रूढ झाला. त्यातील मोहिमा महिनोन्‌महिने चालतात. ‘वन-शॉट’ मात्र तीन-चार तासांत, एकाच बैठकीत संपवायचा असतो. मोहीम हे तीन अंकी नाटक मानले, तर ही एकांकिका होय. आणि एकांकिका म्हणजे कापून लहान केलेले नाटक नव्हे.

नेमके इथेच अनेक सूत्रधार फसतात. पहिला तास पात्रे तयार करण्यात जातो, दुसरा ओळखीपाळखीत. एखादी किरकोळ चकमक लांबते आणि खरा सामना येतो तेव्हा कुणाची तरी शेवटची गाडी निघायची वेळ झालेली असते. मोहिमेत ‘पुढच्या वेळी’ म्हणता येते. इथे पुढची वेळच नसते. प्रथमच खेळायला आलेला माणूस ती अर्धवट गोष्ट घेऊन घरी जातो आणि बहुधा परत येत नाही.

खेळाच्या संमेलनांतील स्पर्धांना ही अडचण फार लवकर जाणवली. १९७९ च्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातील स्पर्धेसाठी रचलेले आणि १९८० मध्ये टीएसआर कंपनीने प्रसिद्ध केलेले ‘द हिडन श्राइन ऑफ तामोआचान’ हे साहस या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. पात्रे तयारच दिलेली. सुरुवातीलाच ती एका प्राचीन वास्तूच्या तळघरात अडकतात. तेथील हवा विषारी असते आणि वर, बाहेर पडायचे असते. कशासाठी आलो, कुठे जायचे, हे कुणी विचारीत बसत नाही. खेळाडूंच्या घड्याळाची आणि पात्रांच्या श्वासाची निकड एकच होते.

तेव्हा शेवट आधी ठरवावा आणि मधले प्रसंग गाळता येतील असे ठेवावेत. चार तासांना तीन-चार प्रसंग पुरेत. निम्मा वेळ सरताच घड्याळ पाहावे. उशीर झाला असेल तर एखादे दालन वगळावे, शत्रूला शरण येऊ द्यावे. खेळाडूंचे निर्णय मात्र आपण घेऊ नयेत. तयार पात्रांच्या कागदावर दुसऱ्या एखाद्या पात्राशी असलेले नाते एका ओळीत लिहिले, तर संवाद आपोआप सुरू होतो. पानभर पूर्वेतिहास कुणी वाचत नाही.

उद्याची चिंता नसल्याने पात्राचा जीवही पणाला लावता येतो. ‘कॉल ऑफ क्थुलू’सारखा (१९८१) भयखेळ एका बैठकीत रंगतो तो त्यामुळेच. ‘ड्रेड’मध्ये (२००५) तर फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून ठोकळा काढायचा. मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचे पात्र खेळातून बाद. डाव पुढे सरकतो तसा मनोरा डळमळू लागतो, ताण वेगळा निर्माण करावा लागत नाही. पहिल्या तासात मात्र कुणाला मारू नये. उरलेले तीन तास तो बिचारा काय करणार?

शेवटची दहा-पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राचे पुढे काय झाले ते दोन वाक्यांत सांगावे; मेलेल्या पात्राच्या खेळाडूनेही.