पहिल्या पूर्वजाचा माग

भास्कराचार्यांचें जन्मस्थान जें विज्जलविड, तें आपलें बीडच होय असें कांहीं विद्वानांचें मत आहे. इतरांस तें मान्य नाहीं. तो वाद येथें नको. परंतु त्यांच्या घराण्याचा वृत्तांत मात्र पक्का आहे. चाळीसगांवनजीक पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव ह्याच्या मठासंबंधींचा शके ११२८ (इ. स. १२०७) चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं तो १८६५ सालीं प्रसिद्धीस आणिला. त्यांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांचीं नांवें ओळीनें आलीं आहेत. एका दगडानें नऊ पिढ्या राखल्या!

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस पणजोबांच्या पलीकडचें नांव सांगतां येत नाहीं. ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. साक्षात् शिवछत्रपतींच्या भोसले कुळांत बाबाजींच्या वरच्या पिढ्यांविषयीं इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. मग ज्यांच्या दारांत दगडही नव्हता आणि दफ्तरही नव्हतें, त्यांचें काय? गांवकुसाबाहेरच्या माणसाचें नांव दगडावर क्वचितच चढलें. कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांमध्यें ‘नाक’ हा शेवट असलेलीं बावीस नांवें कोरलेलीं आहेत, तीं ह्याच कारणानें मोलाचीं होत.

सरकारी दफ्तराकडे वळावें तर तेथेंही वाट बिकट. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानांत होता. वरचीं दफ्तरें आधीं फारशींत, पुढें उर्दूंत. गांवच्या कुळकर्ण्याचे कागद मोडींत. संस्थानाची पहिली शिरगणती १८८१ सालीं झाली, पण छापील तक्त्यांत माणसें मोजलेलीं सांपडतात, नांवें सांपडत नाहींत. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठीं मराठवाड्यांतील हींच दफ्तरें उकलली जाऊं लागलीं, तेव्हां मोडी वाचणाऱ्यास किती मान आला हें आपण पाहिलेंच आहे. कागदावर १३०९ असें साल दिसलें तर दचकूं नये; तें फसली साल, त्यांत ५९० मिळविले म्हणजे १८९९ येतें. तोच महादुष्काळ शकाच्या हिशेबानें १८२१ चा आणि विक्रमसंवताच्या हिशेबानें १९५६ चा.

आतां आपल्या स्वतःच्या वह्यांकडे येऊं. त्रेंत येथील धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली व धर्ममातापित्यांचीं नांवें स्नानसंस्काराच्या वहींत लिहिण्यास सांगितलें. १९१७ च्या धर्मविधानानें ती शिस्त अधिक कडक केली. संस्कार घेणारा, देणारा, आईबाप, धर्ममातापिता, स्थळ आणि दिवस, इतकें लिहिलेंच पाहिजे. शिवाय प्रतिवर्षीं वहीची एक नक्कल धर्मप्रांताच्या कचेरींत धाडावी असाही नियम होता. ही गोष्ट शोधकानें नीट ध्यानांत धरावी, कारण मूळ वही वाळवीनें खाल्ली तरी नक्कल दुसरीकडे जिवंत असण्याचा संभव राहतो. आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठें? नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावती १९५५ चा, औरंगाबाद १९७७ चा. आजोबांचें गांव जागचें हाललें नाहीं, पण त्याचे धर्माध्यक्ष बदलत गेले.

वही उघडल्यावर पहिली अडचण लिपीची. नागपूरच्या मिशनांतील पहिले धर्मगुरु सॅव्हॉय प्रांतांतील आनसीहून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाचे, कान फ्रेंच. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांत (आतांचें अहिल्यानगर) येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु होते. फ्रेंच माणूस ‘श’ साठीं सी-एच लिहितो, जर्मन एस-सी-एच लिहितो. जर्मनाचा ‘व’ डब्ल्यूनें होतो. तेव्हां एकच शंकर सीना नदीच्या अलीकडे एका अक्षराखालीं आणि पलीकडे दुसऱ्याच अक्षराखालीं बसलेला असूं शकतो. सूचींत नांव नाहीं म्हणून माणूस नव्हता असें समजूं नये. वय वीस, तीस, चाळीस असें गोल आंकड्यांत लिहिलेलें असेल तर तो अंदाज होय. पुष्कळ नोंदींत धर्मपिता म्हणून एकाच मास्तराचें नांव आढळेल. त्यावरून नातें जोडूं नये. मात्र मास्तराऐवजीं दुसरें कोणी उभें असेल तर तेथें थांबून विचार करावा, कारण तो बहुधा भावकींतला किंवा सोयरा.

दोन लॅटिन शेरे तर सोन्यासारखे आहेत. पहिला ‘सुब कोंदिसिओने’, म्हणजे अट घालून दिलेला स्नानसंस्कार. आधीं दुसऱ्या मंडळीत संस्कार झाला असावा, पण त्याची खात्री नाहीं, अशा वेळीं तो देत. हा शेरा दिसला कीं त्या घराचा माग प्रॉटेस्टंट मिशनकडे जातो. आष्टी-पाटोद्याकडील कुटुंबांनीं तर अमेरिकन मराठी मिशनचा विचार अवश्य करावा. तें मिशन १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं नगरास आलें. ज्या अमेरिकन बोर्डानें तें पाठविलें त्याचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत आहेत. सीनाकांठच्या एखाद्या पणजोबांचें नांव समुद्रापलीकडे मॅसेच्युसेट्समध्यें निघावें, हें अशक्य नाहीं!

दुसरा शेरा मरणसंकटाचा. दुष्काळाच्या वर्षीं असे शेरे जवळजवळ दिसले तर त्या वस्तीवर काय गुदरलें हें निराळें सांगावयास नको. येथें एक नाजूक गोष्ट बोललीच पाहिजे. “तुमचे वाडवडील धान्यासाठीं ख्रिस्ती झाले,” असें टोचून बोलणारे आजही भेटतात, आणि आपलीं मुलें खालीं मान घालतात. त्यांना मी पानाचा समास दाखवितों. समासांत त्याच माणसाच्या दृढीकरणाची तारीख असते, विवाहाची असते. पुढच्या वहींत त्याच्या मुलांचीं नांवें असतात. पाऊस पडला, पीक आलें, धान्याची वांटणी केव्हांच संपली, आणि तरीही तो माणूस वहींतून गेला नाहीं. पहिल्या दिवशीं तो भुकेला होता काय? असेलही, भुकेल्यानें देवाच्या दारीं येऊं नये असें कोणत्या शास्त्रांत आहे?

उलट, कांहींजण आपलें कूळ एखाद्या सरदाराशीं वा परदेशी पाद्र्याशीं जोडूं पाहतात. पुरावा असेल तर जोडावें. नसेल तर प्रौढ बाप्तिस्मार्थ्यापुढें त्याच्या अख्रिस्ती बापाचें जें एकच नांव, रामा किंवा किसन, लिहिलें असेल, तेथें रेघ ओढावी. तेंच आपल्याला गांठतां येणारें शेवटचें टोक.

बायकांचें काय? आईचा रकाना जेथें रिकामा आहे तेथें वही मुकी होते. मग माहेरचें गांव विचारावें, मृत्यूची वही पाहावी, आणि जात्यावरच्या ओव्या ऐकाव्या. हेमा राईरकर व फ्रान्सहून आलेले गी प्वातवां ह्यांनीं आरंभिलेल्या कामांत महाराष्ट्रांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. आपल्या माजलगांवच्या बायकांच्याही त्यांत आहेत. ओवी गाणारी भावाचें नांव घेते, माहेरच्या वाटेचें नांव घेते. ज्यांच्या घरीं ऐंशीच्या पुढची आजी आहे त्यांनीं तिला तिच्या आजीचें बाप्तिस्म्याआधींचें नांव विचारून वहीवर उतरून ठेवावें, आणि त्याची एक नक्कल धर्मग्रामाच्या कचेरींत आणून द्यावी.