धरम-वीर, मार्गे जेजुरी

आमच्या गावात ‘धरम-वीर’ आला तो जत्रेच्या तंबूत. सिनेमा १९७७ सालचा, पण मुंबईहून निघालेलं रीळ तंबूपर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षं लागायची. मी तेव्हा दुसरीत असेन, नाहीतर तिसरीत. आई म्हणते, त्या साली तंबू नव्हताच, तमाशाचा फड आला होता. असेलही. पण बसायला नेलेल्या पोत्याचा वास आणि पडद्याआड धडधडणारं जनरेटर मला अजून आठवतं, तेव्हा तंबू होताच असं मी धरून चालते.

तंबूच्या मधोमध दोरी बांधलेली असायची. अलीकडं बायका, पलीकडं गडी. आजी अलीकडं बसायची, मांडीवर फडक्यात बांधलेली धपाटी नि खर्डा. आबा पलीकडं, त्यांच्या कोपरीच्या खिशात शेंगा. मी लहान, त्यामुळं दोरीखालून सरपटत धपाट्याकडून शेंगांकडं आणि शेंगांकडून धपाट्याकडं. म्हणून मी एकाच तिकिटात दोन सिनेमे पाहिले.

आजीचा सिनेमा पहिल्या पाच मिनिटांतच ठरला. जीवन पडद्यावर आला मात्र, ती म्हणाली, “आगं बया, ह्यो तर नारद!” देवादिकांच्या सिनेमांत तिनं त्याला वीणा घेऊनच पाहिलेलं. इथं तो राणीचा भाऊ झालेला. भाच्याच्या हातून मरशील, असं भविष्य कळल्यावर बहिणीच्या जुळ्यांतलं एक तान्हं पोर खिडकीतून खाली फेकतो. आजीनं कपाळावर हात मारला. “नारद न्हवं, कंस हाय ह्यो.” झालं. पुढं बहिरी ससाण्यानं ते पोर वरच्यावर झेललं, लोहाराच्या घरी ते वाढलं, तर तिच्या लेखी ते गोकुळच. धर्मेंद्रचा तो गुडघ्याच्या वरचा चामड्याचा पेहराव बघून मात्र बायकांच्या बाजूला बराच वेळ पदर तोंडाला गेले होते. आजीला एकच काळजी लागली होती. “लोहाराच्या बायकूला दूध आलं आसंल का गं? लेकराला पाजलं कुणी?”

आबांचा सिनेमा वेगळा. त्यांना तलवारबाजीचा षौक, आणि त्यांच्या मते तलवार चालवावी ती मास्टर विठ्ठलनं. मूकपटांच्या काळात हा गडी शारदा फिल्म कंपनीचा हुकमी एक्का. सुरुवात आमच्या कोल्हापुरातच, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. पुढं १९३१ साली ‘आलम आरा’त, आपल्या पहिल्या बोलपटात, नायक तोच. कंपनी सोडली म्हणून शारदानं कोर्टात खेचलं, तर त्याच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना. हे आबा इतक्या वेळा सांगायचे, की पुढं शाळेत फाळणीचा धडा आला तेव्हा मला वाटलं, जिना म्हणजे आपल्या विठ्ठलचे वकील, हे एवढं मोठं काय झालं त्यांच्यात? ‘आलम आरा’तही राजवाडाच होता आणि एकमेकींच्या वाईटावर टपलेल्या दोन राण्या. “पिक्चरवाल्यास्नी दुसरं काय सुचतच न्हाई,” असं आबा म्हणायचे, पण पुढं सरकून बसायचे.

मोठेपणी कळलं, की तो सिनेमा करणारा माणूस याच जातकुळीचा. मनमोहन देसाई गिरगावात खेतवाडीत राहायचे. वडील किकुभाई स्टंटपट काढत, ते लवकर गेले. ‘धरम-वीर’चे निर्माते थोरले भाऊ सुभाष. दिग्दर्शक धाकटा, निर्माता थोरला, आणि गोष्ट ताटातूट झालेल्या भावांची! १९७७ या एकाच साली मनमोहन देसाईंचे चार सिनेमे आले, ‘अमर अकबर अँथनी’ त्यातलाच. चारांनाही संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, त्यातले लक्ष्मीकांत आपले कुडाळकर. रफी-मुकेशचं एक खुशीतलं गाणं आहे यात. सिनेमा लागला तेव्हा मुकेश नव्हते, १९७६च्या ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत गेले. तंबूत शिट्ट्या वाजवणाऱ्यांना त्याचं काय. एकाच कथेत रोमन आखाडा, घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी, भटक्यांचा तळ आणि जितेंद्रची राजपुत्राची ऐट. काळ कुठला, देश कुठला, विचारायचं नाही.

जिवलग दोस्त एकमेकांवर तलवार उपसून उभे राहिले, सख्खे जुळे आहेत हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि नेमकं जनरेटर बसलं. अर्धा तास बोंबाबोंब. मग कुणीतरी येऊन सांगितलं, आता काय चालू होत नाही, उद्या या. उद्या कुठलं? पाहुणे निघून गेले होते, घरी म्हैस व्यायची होती.

मी रडायला लागले. आबांनी खांद्यावर घेतलं. चांदणं पडलेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कुठंतरी गुऱ्हाळाची काहील उतरली असावी, गोड धुरकट वास. “शेवट मला ठावं हाय,” आबा म्हणाले, आणि सांगायला लागले.

एक राजा मरतो. दोन सवती राण्या, दोघींना एकेक पोरगा. थोरलीनं पन्हाळ्यावर आपल्या पोराची गादी मांडली, तर धाकटीनं डाव साधून मायलेकरांना कैदेत टाकलं आणि आपला पोरगा बसवला. थोरली म्हातारी झाली, पण हटली नाही. एक दिवस म्हणाली, माझा नातू जिवंत आहे, मी लपवून ठेवलाय, पानगावात वाढतोय. त्याला आणला, गादीवर बसवला. मग त्याच्याशी पटेना म्हणून त्यालाच किल्ल्यावर कोंडला. आणि शेवटी जेजुरीला खंडोबापुढं शपथ घेऊन सांगितलं, हा माझा नातू न्हवंच.

मी कितीतरी वर्षं हाच ‘धरम-वीर’चा शेवट समजत होते. शेजारी गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणला, तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत जागी राहिले, जेजुरी येईल म्हणून. भाऊ भाऊ भेटले, पडद्यावर अक्षरं आली. “जेजुरी कापली,” असं मी म्हटलं आणि नंतर वर्षभर तेवढ्यावरून चिडवून घेतलं.

पुढं कॉलेजात ताराबाई वाचताना एका पानावर थांबले. सवत राजसबाई, मुलं शिवाजी आणि संभाजी, १७१४ची कैद. १७५० साली गादीवर बसलेला रामराजा, १७५२ची जेजुरीची शपथ. पेशव्यांनी तरी त्याला गादीवर ठेवलाच, नावापुरता. तो वारला १७७७ साली. ‘धरम-वीर’च्या बरोबर दोनशे वर्षं आधी. हे आबांना सांगायला हवं होतं, पण आबा तोवर गेले होते. ताराराणी म्हणजे त्यांचं दैवत. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तरी गोष्टीतून त्यांनी ती शपथ गाळली नाही, हे मला आता आठवतं आणि आबा थोडे जास्तच आवडतात.

त्या रात्री मी विचारलं होतं, “आबा, शपथ खरी का खोटी?”

आबांनी मला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “भंडारा उचलल्याव इचारू ने.”

मागून आजी येत होती, वहाणा हातात, फडक्यात उरलेलं एक धपाटं. ती म्हणाली, “खरी का खोटी, ऱ्हाऊ द्या. त्या पानगावात पोराला जेवाय कोण घालत हुतं, ते सांगा की.”

आबांना ते ठाऊक नव्हतं. ओढा येईस्तोवर ते काही बोलले नाहीत.