माहिती व्यवस्थापन : एम.बी.ए.ची अभ्यासशाखा

व्यवसायात रोज तयार होणारी माहिती कोणी नोंदवायची, कुठे साठवायची, कोणाला दाखवायची आणि तिच्यावरून निर्णय कसे घ्यायचे, हे शिकवणारी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणातली शाखा. संगणकशास्त्राचा विद्यार्थी यंत्रणा बांधायला शिकतो. इथला विद्यार्थी ती बांधण्याआधीचे प्रश्न हाताळतो : ती यंत्रणा कंपनीला हवी आहे का, तिच्यावर किती पैसे घालावेत, ती आल्यावर कोणाचे काम बदलेल?

विषयाची पायाभरणी अमेरिकेत झाली. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याला व्यवस्थापनशाळेत स्वतंत्र जागा मिळवून दिली. त्यांचे पाठ्यपुस्तक १९७४ मध्ये आले आणि १९७७ मध्ये त्याच विद्यापीठातून ‘एमआयएस क्वार्टर्ली’ ही संशोधनपत्रिका सुरू झाली.

भारतात पाहिले, तर मुंबईत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेने नोकरी करणाऱ्यांसाठी माहिती व्यवस्थापनाची तीन वर्षांची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी चालवली; अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेत ही विशेषीकरणाची शाखा आहे. पुण्यात सिम्बायोसिसची संस्था थेट हिंजवडीत, आयटी कंपन्यांच्या शेजारीच आहे.

अभ्यासाची सुरुवात बहुधा डेटाबेसपासून होते. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली कोष्टकांची रचना आजही वर्गात पहिल्यांदा शिकवली जाते, आणि ती शिकवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एखाद्या दुकानाची बिघडलेली ग्राहकयादी. एकच ग्राहक ‘सुरेश पाटील’, ‘एस. जी. पाटील’ आणि ‘पाटील सुरेश’ अशा तीन नावांनी नोंदलेला. दोन ओळींत मोबाइल क्रमांक तोच, तिसऱ्या ओळीतला पत्ता जुना. ग्राहक एक की तीन? डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, लिहिणे त्या मानाने सोपे. काउंटरवरच्या माणसाने नोंद कशी करायची आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवायला विक्री, हिशेब आणि गोदाम या तिन्ही खात्यांना एकत्र बसवावे लागते. या शाखेचा खरा कस इथे लागतो.

हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीचे प्रकरण म्हणूनच व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे चर्चेला घेतले जाते. कंपनीने सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून सगळ्या खात्यांना एकत्र जोडणारी ईआरपी आणि तिला जोडलेल्या यंत्रणा बसवल्या. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकायचे ठरले. जुलै १९९९ मध्ये, म्हणजे हॅलोविन सणाच्या मोठ्या मागण्या येण्याच्या तोंडावर, सगळे एकदम सुरू झाले. माल तयार होता, पण तो दुकानांपर्यंत पोचेना. दहा कोटी डॉलरच्या मागण्या अडकल्या. गर्दीच्या हंगामात कर्मचारी जास्तीचा माल मिळेल त्या मोकळ्या जागेत ठेवत असत, आणि त्या जागा नव्या यंत्रणेत नोंदवलेल्याच नव्हत्या. गोदामातल्या लोकांना वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेली माहिती कोणी विचारलीच नव्हती.

२००३ मध्ये निकोलस कार यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लेख लिहून खळबळ उडवली. माहिती तंत्रज्ञान आता विजेसारखे सर्वांना सारखेच उपलब्ध आहे, त्यामुळे त्यातून कोणालाच टिकाऊ आघाडी मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मुद्दा अर्धाच खरा आहे : सॉफ्टवेअर सगळ्यांना विकत मिळते, नीट ठेवलेली माहिती मिळत नाही.

अलीकडे अॅनालिटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने अभ्यासक्रमाचा मोठा भाग व्यापला आहे. त्यातून बाहेर पडलेले विद्यार्थी बिझनेस अॅनालिस्ट, सल्लागार किंवा प्रॉडक्ट मॅनेजर होतात. भारतात मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही तितकेच महत्त्व द्यायला हवे. सुरक्षेत हयगय झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय ग्राहकाने दिलेली संमती मागे घेतल्यावर त्याचा क्रमांक मुख्य डेटाबेसमधून तर काढावा लागतोच, पण मार्केटिंगवाल्यांच्या जुन्या एक्सेल फायलींतून आणि एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीच्या यादीतून तो कोण काढणार, हेही कंपनीला आधीच ठरवून ठेवावे लागते.