टोचन आणि टायरवरचा खरा आकडा

दहिवलीहून पळसदरीवरून खोपोलीकडे जाणाऱ्याला बोरघाटाच्या तोंडाशी बंद ट्रक टोचन करून नेणारी क्रेन केव्हातरी दिसतेच. या कामाबद्दल एक मत सर्रास ऐकू येते : मागची गाडी तिच्याच चाकांवर येते, आपण फक्त ओढतो, इंजिनात दम हवा आणि टायर १६ प्लायचा असला की पुरे.

यातले खरे ते आधी मान्य करतो. दांडा लावून, सगळी चाके जमिनीवर ठेवून ओढले, तर ओढणाऱ्या गाडीच्या टायरवर उभा भार जवळजवळ वाढत नाही. कर्जतला आगगाडीला मागून बँकर इंजिने लागतात ती घाटातल्या ३७ला १ चढासाठी. तिथेही प्रश्न जोराचा असतो. पण बंद गाडीची पुढची चाके उचलली की हिशेबच पालटतो. समजा, क्रेनच्या दोन ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे, हूक मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे आहे आणि उचललेले वजन २ टन आहे. मागच्या ॲक्सलवर २ नव्हे, ३ टन वाढतात. पुढचा ॲक्सल १ टनाने हलका होतो. पहारीने धोंडा उचलणाऱ्याला हे समजावावे लागत नाही. घात असा की स्टिअरिंग हलके लागते, चालकाला गाडी मोकळी चालल्यासारखी वाटते, आणि सारा बोजा मागच्या जोडचाकांवर असतो.

आता प्लाय. पूर्वी टायरमधले सुती थर खरोखर मोजत. आज ‘१६ पीआर’ हा मजबुतीचा दर्जा आहे. पोलादी तारेच्या रेडियलमध्ये अंगाचा थर एकच असतो. वजन सांगतो तो शेजारचा आकडा. १०.०० आर २० मापाच्या टायरवर १४६/१४३ हा संकेतांक असेल, तर एकेरी टायरला ३,००० किलो, जोडीत प्रत्येकी २,७२५. जोडीत कमी, कारण शेजारी टायर एकमेकांची उष्णता कोंडतात आणि कडेला उतरत्या रस्त्यावर भार सारखा वाटला जात नाही.

‘कायद्यात बसते ना?’ हा पुढचा आक्षेप. जुलै २०१८मध्ये चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. १४३चे चार टायर पेलतात १०.९ टन. मर्यादा वाढली म्हणून टायरची ताकद वाढली नाही!

‘हळू जाऊ’ हे म्हणणे मात्र निराधार नाही. कमी वेगाला थोडा जादा भार टायर कंपन्यांचे तक्तेही देतात. पण तो पुऱ्या हवेवर. गरम टायर तपासून हवा सोडणाऱ्याला ती सवलत नाही.

म्हणून वजनकाट्यावर क्रेनचा मागचा ॲक्सल गाडी उचललेली असताना मोजावा. रिकामा ८ टन भरत असेल, तर वरच्या हिशेबाने ११ होतील. १४३चे चार टायर मिळून १०० किलोने तोकडे पडतील. त्याच मापात १४९/१४६ घेतला तर चौघांचे १२ टन होतात. मात्र तेवढा भार आणि तेवढी हवा रिमला झेपते का, हे आधी पाहावे.